एक भाषा, अनेक व्यवहार : स्पॅनिशमधील नित्य प्रयोगांचे प्रादेशिक अर्थभेद आणि अनुवादाचा प्रश्न

१

तौलनिक साहित्याभ्यासात 'स्पॅनिश साहित्य', 'लॅटिन अमेरिकन कादंबरी' या संज्ञा इतक्या सहजपणे वापरल्या जातात, की त्यांच्या मुळाशी असलेले एक गृहीतक सहसा तपासले जात नाही. स्पॅनिश नावाची एक भाषा आहे, ती वीस देशांची अधिकृत भाषा आहे, सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. तेव्हा माद्रिदमध्ये लिहिलेले वाक्य आणि मेक्सिकोत लिहिलेले वाक्य एकाच अर्थव्यवस्थेत वाचता येईल, असे ते गृहीतक होय. लिखित, औपचारिक आणि शास्त्रीय गद्याच्या बाबतीत ते पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु माणसे एकमेकांना बोलावतात, वेळ देतात, क्षमा मागतात, घरी येण्याचे आमंत्रण देतात, तेव्हा वापरल्या जाणाऱ्या साध्या शब्दांपाशी आल्यावर ते डळमळू लागते. कथा-कादंबरी ही मुख्यतः याच शब्दांवर उभी असते. म्हणून हा प्रश्न केवळ कोशकारांचा नसून साहित्यसमीक्षेचाही आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने त्याला आणखी एक पदर आहे. स्पॅनिशमधील साहित्य मराठीत बहुधा इंग्रजीच्या मार्गाने येते. त्यामुळे मूळ भाषेतील प्रादेशिक अर्थभेद प्रथम इंग्रजीत सपाट होतात आणि त्या सपाटीचेच पुन्हा मराठीकरण होते. यातून नेमके काय हरवते आणि त्यातले काय परत मिळवता येण्याजोगे आहे, याचा विचार काही निवडक प्रयोगांच्या आधारे करणे उपयुक्त ठरेल.

२

सर्व अर्थभेद एकाच जातीचे नसतात, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. 'ग्वाग्वा' हा शब्द कॅनरी बेटे, क्युबा, प्वेर्तो रिको आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक येथे बससाठी वापरला जातो. चिली, बोलिव्हिया, पेरू, एक्वादोर या अँडीज परिसरातील देशांत त्याचा अर्थ तान्हे मूल असा होतो. हवानातील माणसाने 'ग्वाग्वा पकडली' असे म्हटले, तर सांतियागोतील श्रोत्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहील, याची कल्पना करता येते. प्रवासवर्णनांत आणि भाषाविषयक मनोरंजक लेखांत या उदाहरणाची पुनरावृत्ती होत असते. पण अर्थविचाराच्या दृष्टीने ते फारसे फलदायी नाही. अँडीजमधील शब्द क्वेचुआ भाषेतील 'वावा'पासून आलेला आहे. त्याचा बसवाचक शब्दाशी संबंध नाही. म्हणजे येथे एका शब्दाचे दोन अर्थ नसून दोन शब्दांचा एक उच्चार आहे. संदर्भ मिळताच घोटाळा मिटतो आणि मागे काही उरत नाही.

'तिन्तो' म्हटल्यावर स्पेनमध्ये तांबडी वाइन आणि कोलंबियात बिनदुधाची कॉफी समोर येते, किंवा 'तोर्तिय्या' या शब्दाने स्पेनमध्ये अंड्या-बटाट्याचा पदार्थ तर मेक्सिकोत मक्याची पोळी समजली जाते, हे भेदही याच वर्गाच्या जवळचे आहेत. ते वस्तूंचे भेद आहेत. एक तळटीप पुरेशी असते. खरी अडचण सुरू होते ती वस्तूऐवजी संबंध सूचित करणाऱ्या शब्दांपाशी.

मूळच्या रुमानियन असलेल्या आणि उरुग्वेतील मोंतेविदेओ येथे काही वर्षे अध्यापन केलेल्या एउखेनिओ कोसेरिऊ यांनी १९५२ मध्ये भाषेच्या विचारात 'व्यवस्था' आणि 'उक्ती' यांच्या मध्ये 'प्रमाण' किंवा 'रूढ प्रघात' अशी तिसरी पातळी मांडली. व्यवस्था जे शक्य ठरवते त्यातले एखाद्या समाजात प्रत्यक्षात काय रुळले आहे, हे या पातळीवर कळते. स्पॅनिशमधील बहुतेक प्रादेशिक भेद व्यवस्थेतील नसून या रूढ प्रघातातील आहेत. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर लक्षणेची जी दोन प्रयोजके मम्मटाने दिली आहेत, रूढी आणि प्रयोजन, त्यांपैकी रूढी ही येथे प्रदेशागणिक बदललेली दिसते. वाच्यार्थ तोच राहून लक्ष्यार्थ आणि व्यंग्यार्थ बदलतात. परका वाचक फसतो तो याच ठिकाणी. कारण त्याला शब्द ओळखीचा वाटतो.

३

काळवाचक शब्दांपासून आरंभ करता येईल. 'आओरा' म्हणजे आता. त्याचे लघुत्वदर्शक रूप 'आओरिता'. व्याकरणाच्या दृष्टीने हे रूप अधिक निकटता दाखवणारे, म्हणजे 'अगदी आत्ता' असे असावयास हवे. मेक्सिकोत त्याचा तसा उपयोग होतोही. परंतु 'थोड्या वेळाने', 'केव्हातरी', आणि नकार तोंडावर न देता दिलेला नकार, इतका त्याचा विस्तार आहे. प्वेर्तो रिको आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकात तर 'आओरिता' म्हणजे सरळ 'नंतर'. चिलीत तत्काळ करावयाच्या गोष्टीसाठी 'आल तीरो' हा स्वतंत्र प्रयोग आहे. स्पेनमध्येही 'आओरा' येतो म्हणणारा लगेच उठेलच असे नाही. तातडी दाखवण्यासाठी त्याला 'मीस्मो' हा शब्द जोडावा लागतो.

'लुएगो' या शब्दाचा इतिहास याहून बोलका आहे. आजच्या सर्वसाधारण स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'नंतर' असा आहे. सेर्व्हान्तेसच्या काळी मात्र त्याचा रूढ अर्थ 'ताबडतोब' असा होता. तो जुना अर्थ मेक्सिकोतील 'लुएगो लुएगो' या द्विरुक्त प्रयोगात आजही जिवंत आहे, आणि चिलीतही 'लुएगो ये' म्हणजे 'लवकर ये'. म्हणजे ज्या प्रयोगाला स्पेनमधील वाचक वसाहतीतील विकृती समजेल, तो वस्तुतः त्याच्याच अभिजात साहित्यातील प्रयोग आहे. केंद्राने टाकलेले परिघाने जपले, असा हा व्यवहार आहे. भाषेची शुद्धता केंद्रात आणि बदल परिघावर, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

व्याकरणिक शब्दांच्या बाबतीत भेद अधिकच अदृश्य होतो. 'आस्ता' म्हणजे 'पर्यंत'. 'बँक नऊपर्यंत उघडते' अशा अर्थाचे वाक्य स्पेनमध्ये उच्चारले, तर नऊ वाजता बँक बंद होते; मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेच्या बऱ्याच भागात तेच वाक्य उच्चारले, तर नऊ वाजता ती उघडते. 'नऊपर्यंत उघडत नाही' या वाक्यातील नकार गळून पडला आणि त्याचा अर्थ 'आस्ता'नेच आपल्याकडे घेतला, अशी त्याची संगती लावली जाते. या भेदाला स्थानिक रंग नाही, बोलीचा वास नाही. वाक्य संपूर्णपणे प्रमाण दिसते आणि तरीही अर्थ उलटा होतो. कथेतील घटनाक्रम अशा एखाद्या अव्ययावर अवलंबून असेल, तर अनुवादकाची चूक कोणाच्याही ध्यानात न येता ग्रंथात कायम राहते.

४

काळाकडून भावाकडे वळल्यावर 'पेना' हा शब्द महत्त्वाचा ठरतो. लॅटिनमधील 'दंड' या अर्थाच्या शब्दापासून तो आला. न्यायालयीन भाषेत आजही तो शिक्षेचा वाचक आहे. स्पेनमध्ये त्याचा नित्याचा अर्थ दुःख, कणव असा आहे. 'मला पेना देते' असे तेथील माणूस म्हणतो, तेव्हा त्याला कशाचे तरी वाईट वाटत असते. मेक्सिको, मध्य अमेरिका, कोलंबिया, व्हेनेझुएला आणि कॅरिबियन परिसरात मात्र त्याच वाक्याने बोलणाऱ्याचा संकोच व्यक्त होतो. परक्या घरी दुसऱ्यांदा वाढून घेताना, अनोळखी माणसाकडे काही मागताना, चारचौघांत गाताना जे वाटते ते 'पेना'. कोलंबियात 'तुमच्याशी किती पेना!' असे म्हटले की ती क्षमायाचना होते.

हे स्थित्यंतर आकस्मिक नाही. दुःख ही एकट्याने भोगण्याची गोष्ट आहे; संकोचाला दुसऱ्याची नजर लागते. अर्थ दुःखाकडून संकोचाकडे सरकतो, तेव्हा शब्द अंतःकरणातून व्यवहाराच्या अंगणात येतो. इंग्रजी अनुवादात या दोन अर्थांसाठी दोन निराळे शब्द योजावे लागतात आणि दुसऱ्या अर्थाचा शब्द बहुधा लज्जेच्या नैतिक बाजूकडे झुकतो. मराठीत मात्र 'भीड' हा शब्द उपलब्ध आहे. 'भीड' ही लाज नव्हे, भीती नव्हे आणि अपराधभावही नव्हे. समोरच्याविषयीच्या आदरामुळे स्वतःला आवरून धरणे तिच्यात आहे. भीड वाटणे, भीड पडणे, भिडेखातर करणे, भीड चेपणे हा मराठी प्रयोगसमूह कोलंबियन किंवा मेक्सिकन 'पेना'च्या बराच जवळ जातो. मूळ पाठ स्पेनमधला असेल तर मात्र हाच शब्द पूर्णपणे चुकीचा ठरेल. म्हणजे योग्य मराठी शब्द निवडण्यापूर्वी 'हे कुठले स्पॅनिश?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

सौजन्याच्या सूत्रांतही असाच प्रकार आढळतो. कोलंबियात दुकानात कॉफी मागताना ग्राहक 'मला एक तिन्तो भेट द्या' अशा अर्थाचे वाक्य बोलतो आणि पैसे देतो. येथे 'रेगालार' या क्रियापदातील दान हे केवळ मागणीची धार बोथट करण्यासाठी आहे. मेक्सिकोतील 'तुमचे घर' हा प्रयोग याहून सूक्ष्म आहे. तेथील शिष्टाचारात यजमान स्वतःच्या घराचा उल्लेख 'आपले, म्हणजे तुमचे, घर' असा करतो. 'रात्री तुमच्या घरी जेवू' या वाक्याचा अभिप्राय 'आमच्याकडे जेवायला या' असा असतो. शब्दशः अर्थ घेणारा परदेशी पाहुणा स्वतःच्या घरी पाहुण्यांची वाट पाहत बसण्याची शक्यता असते. इंग्रजीत येथे टीप देणे किंवा अर्थ सरळ करणे एवढेच पर्याय राहतात. मराठीतील 'आपले' हे सर्वनाम मात्र आदरार्थी 'तुमचे' आणि समावेशक 'आपणा सर्वांचे' या दोन्ही अर्थांना एकत्र वागवते. 'आपल्या घरी जेवू' या मराठी वाक्यात मूळची संदिग्धता आणि मूळचे अगत्य ही दोन्ही टिकून राहतात. इंग्रजीच्या मार्गाने गेल्यास मराठीचे हे सामर्थ्य वापरण्याची वेळच येत नाही.

५

अश्लीलतेच्या प्रश्नाचा निर्देश येथे केला पाहिजे. 'कोखेर' हे क्रियापद स्पेनमध्ये घेणे, पकडणे या अर्थाने दिवसभर वापरले जाते. कोलंबिया आणि क्युबातही ते निरुपद्रवी आहे. मेक्सिको, अर्जेंटिना, उरुग्वे, पाराग्वे येथे ते संभोगवाचक आणि ग्राम्य आहे, म्हणून तेथील लेखक 'तोमार' किंवा 'आगारार' ही क्रियापदे योजतो. संस्कृत साहित्यशास्त्राने व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल अशा तीन भूमिकांवर अश्लीलत्व हा दोष सांगितला आणि तो बहुधा शब्दाच्या दुसऱ्या अर्थाच्या सूचनेतून उद्भवतो हे दाखवले. स्पॅनिशच्या संदर्भात या विचाराला एक पुरवणी जोडावी लागते : दोष शब्दात नसून सहृदयाच्या प्रदेशात असतो. स्पेनमधील एखाद्या कादंबरीत नायकाने नायिकेचा हात धरल्याचे साधे वाक्य ब्युनॉस आयर्समधील वाचकाला क्षणभर अडखळायला लावते. लेखकाचा कोणताही दोष नसताना रसभंग होतो. 'सहृदय' ही कल्पना एका समान भाषिक संस्काराची अपेक्षा करते. तो संस्कार एकाच भाषेच्या आतही विभागलेला असू शकतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

६

सर्वांत मोठा साहित्यिक परिणाम घडतो तो संबोधनाच्या रूपांमुळे. एकवचनी श्रोत्यासाठी स्पॅनिशमध्ये 'तू', 'बोस' आणि 'उस्तेद' अशी तीन रूपे आहेत. ('तू' हे रूप मराठीतील 'तू'चे दूरचे भावंड आहे.) 'बोस' हे एके काळी स्पेनमध्ये आदरार्थी होते, तेथे ते लोपले. अर्जेंटिना आणि उरुग्वेत ते जवळिकीचे, सर्व थरांत प्रतिष्ठित असलेले रूप आहे; चिलीत त्याला दीर्घकाळ खालच्या दर्जाचे मानण्यात आले. 'उस्तेद' हे पाठ्यपुस्तकांत आदरार्थी म्हणून शिकवले जाते. पण बोगोता आणि कोलंबियाच्या पहाडी प्रदेशात जिवलग मित्र, भावंडे, पती-पत्नी एकमेकांना 'उस्तेद' म्हणतात. तेथे ते दुराव्याचे चिन्ह नसते. हुलिओ कोर्तासार यांच्या 'रायुएला' (१९६३) या कादंबरीतील पॅरिसमध्ये राहणारी पात्रे 'बोस' वापरतात, त्यातूनच त्यांचे रिओ दे ला प्लाताशी असलेले नाते वाचकाच्या कानांवर पडत राहते.

हुआन रुल्फो यांच्या 'एल य्यानो एन य्यामास' (१९५३) या संग्रहातील 'नो ओयेस लाद्रार लोस पेर्रोस' ही कथा या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. म्हातारा बाप जखमी मुलाला पाठीवर घेऊन रात्री दूरच्या गावी निघाला आहे. मुलगा लुटारू झालेला आहे. सुरुवातीला बाप त्याला 'तू' म्हणतो. मनातला कडवटपणा बाहेर येऊ लागतो तसा तो 'उस्तेद'वर जातो. हे कष्ट आपण त्याच्यासाठी नव्हे, तर त्याच्या मृत आईसाठी उपसत आहोत असे सुनावतो. शेवटी गाव येते, कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येते आणि बाप पुन्हा 'तू'वर परततो. कथेतले नाट्य घटनांत जेवढे आहे तेवढेच या दोन सर्वनामांच्या अंतरात आहे. येथे 'उस्तेद' हा आदर नाही. नाते तोडण्याचा तो प्रयत्न आहे. पाठीवरचे ओझे उतरवता येत नाही, म्हणून बाप ते भाषेत उतरवू पाहतो. बोगोतातील दोन भावांचे 'उस्तेद' आणि या बापाचे 'उस्तेद' एकच शब्द असूनही त्यांचे अर्थ परस्परविरुद्ध आहेत.

इंग्रजीत दोन्ही रूपांसाठी एकच सर्वनाम असल्यामुळे हा सारा प्रवास मावळतो. मराठीत 'तू'कडून 'तुम्ही'कडे जाण्याची सोय आहे आणि रागावलेल्या वडीलधाऱ्याने धाकट्याला 'तुम्ही' म्हणण्याची प्रथाही घराघरांत परिचित आहे. मात्र मराठीतील या 'तुम्ही'त उपरोध असतो. रुल्फोच्या बापाच्या बोलण्यात उपरोधापेक्षा थकवा आणि परकेपण अधिक आहे. म्हणून अनुवादकाला सर्वनाम घेऊन त्याचा उपरोध भोवतालच्या वाक्यरचनेने दाबावा लागेल. त्याच वेळी हालिस्कोच्या शेतकऱ्याला वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलायला लावण्याचा मोह टाळावा लागेल. कारण त्या बोलींना मराठीत स्वतःचे सामाजिक आणि वाङ्मयीन संदर्भ आहेत आणि ते रुल्फोच्या माळरानावर नेल्यास तेथील शांतता भंगेल. बोलीला बोली हा उपाय नव्हे. संबंधाला संबंध शोधणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

७

या अर्थभेदांमुळे स्पॅनिशची शकले होतील काय, हा वाद जुना आहे. कोलंबियन भाषाशास्त्रज्ञ रुफिनो होसे कुएर्वो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॅटिनप्रमाणे स्पॅनिशही विभागली जाईल अशी भीती व्यक्त केली. १९४१ मध्ये अमेरिको कास्त्रो यांनी ब्युनॉस आयर्सच्या भाषेचे वर्णन जवळजवळ व्याधी म्हणून केले, तेव्हा होर्हे लुईस बोर्हेस यांनी त्याच वर्षी त्याचा उपहासपूर्ण समाचार घेतला. भाषा फुटली नाही. आंखेल रोसेनब्लात यांनी १९६२ मध्ये प्रतिपादन केल्याप्रमाणे सुशिक्षितांच्या भाषेचे ऐक्य टिकून आहे आणि भिन्नता मुख्यतः घरगुती, लौकिक व्यवहारात आहे. हे प्रतिपादन ग्राह्य आहे. परंतु त्यात साहित्याचा विचार अपुरा पडतो. कादंबरीला ज्या थराची गरज असते, तो नेमका हा घरगुती थर होय.

ऐक्याच्या नावाखाली काय घडू शकते, याचे उदाहरण गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या 'ला माला ओरा' या कादंबरीच्या इतिहासात आहे. १९६२ मध्ये माद्रिदला छापल्या गेलेल्या आवृत्तीत मुद्रितशोधकाने लेखकाच्या कोलंबियन प्रयोगांना माद्रिदचे वळण दिले. लेखकाने ती आवृत्ती नाकारली आणि १९६६ मध्ये मेक्सिकोत निघालेल्या आवृत्तीलाच पहिली मानले. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या 'त्रेस त्रिस्तेस तीग्रेस'च्या आरंभी गिय्येर्मो काब्रेरा इन्फान्ते यांनी हे पुस्तक क्युबन भाषेत असल्याचे जाहीर केले, ते या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. आल्फोन्सो कुआरोन यांचा 'रोमा' (२०१८) हा मेक्सिकन चित्रपट स्पेनमध्ये नेटफ्लिक्सवर दाखवला गेला, तेव्हा स्पॅनिश संवादांखाली स्पेनच्या वळणाच्या स्पॅनिशमध्ये उपशीर्षके देण्यात आली होती. 'मामा'च्या जागी 'माद्रे' आली. २०१९ च्या जानेवारीत दिग्दर्शकाने तीव्र आक्षेप घेतल्यावर ती मागे घेण्यात आली. समजण्यास सोपे शब्दही बदलले गेले होते. म्हणजे प्रश्न आकलनाचा नसून अधिकाराचा होता.

कोशरचनेतही हाच प्रश्न आहे. २०१० मध्ये दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. अकादमींच्या संघाच्या 'अमेरिकी प्रयोगांच्या कोशा'त जे केवळ अमेरिका खंडात आढळते ते नोंदवले आहे. लुईस फेर्नांदो लारा यांनी एल कोलेखिओ दे मेक्सिकोच्या वतीने सिद्ध केलेल्या 'मेक्सिकोतील स्पॅनिशच्या कोशा'त मात्र मेक्सिकोत वापरला जाणारा सर्व शब्दसंग्रह स्वतंत्र, पूर्ण भाषा म्हणून मांडला आहे. पहिल्यात भेद हा अपवाद ठरतो, दुसऱ्यात तो व्यवस्थेचा भाग असतो. समीक्षकाला दुसरी दृष्टी अधिक उपकारक आहे. कारण 'पेना'चा मेक्सिकन अर्थ स्पेनच्या अर्थापासूनचे स्खलन नाही, तो मेक्सिकोतील इतर भाववाचक शब्दांच्या शेजारात आपली जागा घेऊन उभा आहे.

८

एका धोक्याची जाणीव मात्र ठेवली पाहिजे. १९६२ ते १९६८ या काळात भारतात मेक्सिकोचे राजदूत असलेले ऑक्टेव्हियो पाझ यांनी 'एल लाबेरिंतो दे ला सोलेदाद' (१९५०) या ग्रंथात 'चिंगार' या एका असभ्य क्रियापदाच्या अर्थच्छटांवरून मेक्सिकन मनाची घडण वाचली. त्या विवेचनात हा शब्द अमेरिकेच्या निरनिराळ्या देशांत निरनिराळे, कित्येकदा निरुपद्रवी अर्थ धारण करतो, हेही त्यांनी नोंदवले. शब्दाच्या प्रादेशिक अर्थाला साहित्यिक चिंतनाचा विषय करणारे हे विवेचन आजही प्रभावी वाटते. तथापि शब्दावरून थेट समाजाच्या स्वभावाकडे घेतलेली उडी तपासून घेणे आवश्यक आहे. 'आओरिता'वरून मेक्सिकन माणसाला वेळेची किंमत नाही, किंवा 'पेना'वरून कोलंबियन माणूस स्वभावतःच बुजरा आहे, असे निष्कर्ष काढणे म्हणजे भाषिक रूढीला वंशस्वभाव समजणे होय. 'आओरिता'त दिसतो तो काळाविषयीचा अनादर नसून नकार सौम्य करण्याचा संकेत होय, आणि तो संकेत दोन्ही बाजूंना ठाऊक असतो. त्यात फसतो तो केवळ बाहेरचा माणूस.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, हैदराबादचे इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठ अशा संस्थांतून स्पॅनिशचे अध्यापन होत असल्याने मूळ भाषेतून थेट मराठीत येण्याचा मार्ग आता दुर्गम राहिलेला नाही. त्या मार्गाने येणाऱ्या अनुवादकाला दोन कामे करावी लागतील : पाठ कोणत्या देशातला, कोणत्या थरातला, कोणत्या काळातला आहे हे प्रत्येक साध्या शब्दापाशी ठरवणे, आणि त्या शब्दाने जोडलेला मानवी संबंध मराठीच्या 'भीड', 'आपले', 'तू-तुम्ही' यांसारख्या स्वतःच्या साधनांनी पुन्हा बांधणे. 'स्पॅनिशमधून अनुवादित' एवढा निर्देश मुखपृष्ठावर पुरेसा असला, तरी अनुवादाच्या समीक्षेला तो पुरत नाही. समीक्षेने त्यापुढे जाऊन मेक्सिकोच्या 'पेना'ला आणि माद्रिदच्या 'पेना'ला मराठीत वेगळे शब्द मिळाले आहेत काय, हे पाहिले पाहिजे.